हात लावून बघ

वैशालीताई प्रोग्राम चालवला की पडद्याकडे बघायच्याच नाहीत. खुर्चीवरून उठायच्या, यंत्रापाशी जायच्या आणि तळहात पुढे करायच्या. पंखा असेल तर वारा लागेपर्यंत, हीटर असेल तर चटका बसेपर्यंत. "स्क्रीन काय बी म्हणंल. हात लावून बघ," हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

वाटूरच्या या बाई जुन्या जालन्यातल्या आमच्या कारखान्यात मुख्य इंजिनीयर होत्या. बियाण्यांची उगवण तपासायची कपाटं आम्ही बनवायचो. दाणे आत ठेवायचे, ऊब द्यायची, किती रुजतात ते बघायचं. त्यावर ते बियाणं शेतात जाणार की नाही हे ठरतं. ऊब सांभाळायला पायथॉनमधला प्रोग्राम होता. तो हीटर चालवणाऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरला, म्हणजे त्या कार्डाशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, थेट हुकूम सोडायचा. त्या हुकमाला आयोक्टल म्हणतात. प्रत्येक हुकमाला नंबर असतो आणि कार्ड बदललं की नंबरही बदलतो. चुकीचा नंबर गेला तर ड्रायव्हर साफ नकार देतो आणि प्रोग्राम तिथंच थांबतो.

तो थांबू नये म्हणून काही महाभाग एक ओळ घालतात: चूक आली तर गप्प बस, पुढे चल. ती ओळ दिसली की ताईंचा चेहरा भाजीत अळी निघाल्यासारखा व्हायचा. "शी! चूक गिळली का? ओकून टाक आधी! त्यो ड्रायव्हर बोंबलून राह्यला अन् तू त्याच्या तोंडात बोळा कोंबतूस?"

हिवाळ्यात कारखान्याच्या मालकांनी, शेठनी, भलतंच कार्ड आणलं. जुना हुकूम त्याला कळेना. ताईंनी आठवडा मागितला. शेठना कपाट लगेच पाठवायचं होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्याकडून तीच ओळ घालून घेतली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'हीटर चालू' आलं. ताईंनी तपासणीवर सही करायला नकार दिला.

"मंग उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले.

"न्हाई येत. पर थंड कपाटातलं बी रुजलं न्हाई तर चांगलं बियाणंच सडकं ठरंल, शेठ."

दुसऱ्या दिवशी शेठनी ताईंना बोलावून त्यांचा निरोप आणि कपाटाची पूजा एकाच नारळात उरकली. ताईंच्या गुणांवर भाषणही ठोकलं. त्या गोडगोड आवाजाची मला शिसारी आली. ताईंनी निरोपाची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, कपाट उघडलं, आतल्या पत्र्याला तळहात लावला.

"थंडगार," एवढंच बोलून त्या चालत्या झाल्या.

"मनाला लावून घेतलंय बाईंनी," म्हणत शेठनी पेढे वाटले. मी तोंडातला पेढा गिळला नाही. बाहेर जाऊन थुंकून आलो.

तोवर बियाणे कंपनीचे साहेब कपाट न्यायला पोचले होते. हिरवी अक्षरं बघून ते खूश झाले आणि सहीसाठी पेन काढलं. मी त्यांचा हात धरला आणि कपाटात नेऊन पत्र्यावर ठेवला.