ती पत्र वाचताना कुठे थांबली

ऐका ना, मला लीड रोल मिळाला होता! कॅनडात, एडमंटनच्या मराठी मंडळात, गणपतीच्या नाटकात, तेही आल्याआल्या पहिल्याच वर्षी!

नाटक मूळ इंग्लिश, शेकडो वर्षं जुनी कॉमेडी. फुशारक्या मारणारा एक येडा एका श्रीमंत विधवेच्या मागे लागतो, बस. डायरेक्टर काकांनी (रिटायर्ड इंजिनिअर) ते इथलं करून टाकलं. विधवेला पॉश कॉन्डो, मला भाड्याचं बेसमेंट.

विधवेचं काम करणारी माझ्याच कॉलेजातली. मला ती आवडायची. म्हणजे, खूपच.

काका म्हणाले, "हीरो तिला पत्र पाठवतो. ते तूच लिही, अगदी मनापासून."

मग काय, मी खरंच लिहिलं! 'मला तू हवीस. नको दुसरी कुणी. चालेल? तुझ्यासाठी थांबलोय. नाही कंटाळलो.' वाटलं, वाचून तिला कळेल. तो सीन मात्र तालमीत माझ्यासोबत कधी केलाच नाही. "तुझी रिअ‍ॅक्शन फ्रेश पाहिजे रे," काका म्हणायचे.

शोला हॉल फुल्ल. तिने पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"मला तू हवीस? नको! दुसरी कुणी चालेल. तुझ्यासाठी थांबलोय? नाही! कंटाळलो."

शब्द सगळे माझेच, थांबली मात्र भलतीकडेच!

हॉल फुटला. पुढच्या रांगेतली पोरं "व्हॉट डिड शी से?" विचारत होती, आया ट्रान्सलेट करत होत्या, मग पोरंपण हसली. मी मध्ये उभा.

नंतर पार्किंगमध्ये ती धावत आली. "काय चेहरा केलास रे! सुपर अ‍ॅक्टिंग!"

"अ‍ॅक्टिंग नव्हती. पत्र खरं होतं."

ती सेट गाडीत भरणाऱ्यांकडे वळून ओरडली, "एऽऽ, ऐका ना! ह्याने खरं लिहिलं होतं!"

परत सगळे हसले. काका तर डोळे पुसत होते. "अरे, मूळ नाटकात पण पत्र असंच उलटं वाचतात, आणि हीरो असाच येडा आहे. म्हणून तर तुला घेतलं! बरं, कॅलगरीच्या मंडळानेही प्रयोगाला बोलावलंय. चेहरा तोच ठेव हां."

मी नाही म्हणणारच होतो. तर तीच म्हणाली, "ये ना. तुझ्याशिवाय मजा नाही."

मी हो म्हटलं! लगेच!

घरी जाताना बसमध्ये बसल्यावर तिचं ते वाक्य परत परत म्हणून बघितलं. तुझ्याशिवाय मजा नाही. तुझ्याशिवाय मजा, नाही? ती नक्की कुठे थांबली होती, ते काही केल्या आठवेना.