भाऊजींची शेकोटी

जानेवारीत बहरीनमध्ये, आमच्या बुसैतीनला, समुद्रावरून वारा सुटला की फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. आमच्या भाड्याच्या घरात हॉलच्या भिंतीत गॅसची शेकोटी बसवलेली होती. ती पेटवणं माझं काम कधीच नव्हतं, ते भाऊजींचं. भाऊजी म्हणजे नवऱ्याचे ऑफिसातले मित्र, मुंबईचे इंजिनियर. शुक्रवारी बायकोला घेऊन जेवायला यायचे आणि आल्या आल्या शेकोटीपुढे मांडी ठोकून बसायचे. "वहिनी, तुम्ही लांब राहा. हिला माझ्याच हाताची सवय आहे." मला ते आवडायचं. परमुलखात कुणीतरी आपल्या घरात इतकं हक्कानं वावरतं, याचं मला कोण कौतुक! मूर्ख बाई मी.

नोव्हेंबरात मालकानं घर सोडायला सांगितलं. मुलाचं लग्न आहे, त्याच्यासाठी हवंय म्हणाला. आमची लेक बारावीत, फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा. ती होईपर्यंत राहू द्या, एवढंच आमचं मागणं होतं. मालक ऐकेना. तेव्हा भाऊजींनी स्वतःहून त्याचा नंबर मागून घेतला. "मी शब्द टाकतो, मला थोडं अरबी येतं." दोन दिवसांनी तोंड पाडून आले. "मफी फायदा, वहिनी, काही उपयोग नाही. माणूस ऐकायलाच तयार नाही." त्यांची बायको माझा हात धरून बसली होती. मीच तिला चहा करून दिला.

मग आम्ही मनामात, बाब अल बहरीनच्या मागे भर बाजारात दोन खोल्या घेतल्या. खाली दुकानं. लेक कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास करते.

घर तपासून ताब्यात घ्यायला मालकाचा माणूस आला, तेव्हा मी एकटीच होते. नळ, एसी, दारं सगळं ठीक निघालं. शेकोटी मात्र पेटेना. त्यानं नॉब दाबला, ठिणग्या टिकटिकल्या, बारीक ज्योत धरली आणि बोट उचलताच विझली. बाहेर जाऊन सिलिंडर बघून आला. त्याच पाइपवरची स्वयंपाकघरातली शेगडी पेटवून पाहिली, ती झकास पेटली. शेकोटीतला सेल बदलला, काजळी ब्रशनं साफ केली. तरी तेच.

"मॅडम, ऐसे नहीं चलेगा. नये टेनंट ने खास बोला है, फायरप्लेस चालू चाहिए."

"नया टेनंट? मालिक का बेटा आ रहा है ना?"

"बेटा?" तो हसला. "बेटा तो अभी स्कूल में है."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकानं धडधडीत थाप मारून आम्हाला हुसकलं होतं! हे सांगायचं कुणाला, तर भाऊजींना. शिवाय शेकोटीही तेच पेटवतील. मी फोन लावला, तर लाइन बिझी.

कारण त्या माणसानं शेकोटीचं विचारायला नव्या टेनंटला फोन लावला होता, आणि तो त्यांच्याशीच बोलत होता. हात मोकळे राहावेत म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवला होता.

"अरे, खराब नहीं है वो," फोनमधून आवाज आला. "फ्लेम आया तो भी नॉब छोड़ना नहीं. आधा मिनट दबा के रखो, अंदर गरम होगा तो टिकेगा."

इतक्या शुक्रवारी ऐकलेला आवाज कसा ओळखणार नाही? त्या माणसानं सांगितल्याप्रमाणे नॉब दाबून धरला. शेकोटी भपकन पेटली.

"यल्ला, हो गया सर!"

"उन लोगों ने सामान पूरा निकाला?"

"मॅडम इधर ही है, सर."



"वहिनी? अहो, मी सांगणारच होतो. म्हटलं, आधी लेकीची परीक्षा होऊ दे. उगाच तिला टेन्शन नको."

"तिच्या परीक्षेची एवढी काळजी होती, तर ती होईपर्यंत थांबला असतात, भाऊजी."

त्यावर ते काहीतरी मालकाचं सांगू लागले. मी ऐकून घेतलं नाही. किल्ल्या त्या माणसाच्या हातावर ठेवल्या, रस्त्यावर आले आणि नवऱ्याला फोन केला.

"झालं सगळं?" तो म्हणाला. "तिथेच थांब, बाहेर गार आहे. तुझ्या भाऊजींना गाडी घेऊन पाठवतो."

मला भर रस्त्यात रडू फुटलं.