टेबलाखाली सांगितलेली संतबाईची गोष्ट

वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. आईने गावातल्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचं काम धरलं, म्हणून सिस्टरांनी माझी फी माफ केली. रॉकेल संपलं की आम्ही दोघी चुरमुऱ्यांवर भागवायचो. त्या स्वयंपाकघरात, मोरीच्या वर, त्यांच्या संघाच्या संस्थापिकेची तसबीर होती. युरोपातल्या कुठल्याशा जमीनदाराची लेक. डोक्यामागे तेजोवलय आणि हातात झाडू. आई तिच्याकडे बघून म्हणायची, "संत झाली, तरी झाडू काही सुटला नाही बाईचा."

सातवीत याच संतबाईवर भाषण ठोकून मी तालुक्यात पहिली आले. बक्षीस, स्टीलचा डबा. पुढे घराण्यातली पहिली पदवी माझी, मग बी.एड. हे मी स्वतःच सांगते. वाट बघत बसले तर कोण सांगणार?

मग लग्न, नवऱ्याची जपानात नोकरी, तोक्योतलं एदोगावा. तिथल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. घरापासून सायकलने दहा मिनिटांवर त्याच संघाची बालवाडी निघाली! जपानीची परीक्षा पास होऊन, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन मी गेले. मुख्य सिस्टर सत्तरीच्या जपानी बाई. त्यांनी पानन् पान वाचलं, मान लववली आणि साफसफाईचं काम दिलं.

"आई, बी.एड. झालेल्या बाईच्या हातात झाडू दिला गं!"

"मग? तुझ्या संतबाईच्या हातात काय वीणा होती?" फोनवर आई खो खो हसली.

वर्षभर झाडलं. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्यांची झाकणं वेगळी. शेवटी एकदा सिस्टर म्हणाल्या, "संस्थापिकेच्या दिवशी मुलांना तिची गोष्ट तुम्ही सांगा. जमलं, तर एप्रिलपासून इंग्रजीचा वर्ग तुमचा."

जमलं तर? अहो, तालुक्यात पहिली आलेली बाई मी! तेच भाषण जपानीत उतरवलं, आरशासमोर हातवारे घोटले. त्या दिवशी पाच वर्षांची वीस पोरं समोर. मी सुरुवातच टिपेला केली. पोरं टक लावून बघत राहिली. मला वाटलं, रंगतंय. संतबाईने बापाची हवेली सोडली त्या ठिकाणी सातवीतल्या सरांनी शिकवल्याप्रमाणे पाय आपटला आणि टेबलावर मूठ हाणली. कपाटातल्या कपबशा खणखणल्या.

क्षणात वीसच्या वीस पोरांनी खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या गादीसारख्या जाड टोप्या ओढून डोक्यावर घेतल्या आणि ती टेबलांखाली गुडूप झाली. एकही रडलं नाही. भूकंपाची तालीम त्यांची दर महिन्याला व्हायची. मुख्य सिस्टरसुद्धा खाली बसल्या होत्या.

अख्ख्या वर्गात उभी मी एकटी, मूठ अजून टेबलावर. गेला आपला एप्रिल, म्हटलं.

तेवढ्यात खालून एका मुलीने माझी सलवार ओढली. "लवकर ये. डोकं झाक."

गेले खाली. डोक्यावर भाषणाचे कागद धरले.

"मग ती मुलगी घर सोडून कुठे गेली?" तिने कुजबुजत विचारलं.

भाषणात पुढे त्याग, सेवा, मानवता असं बरंच काही होतं. ते तिथे टेबलाखाली कुणाला सांगणार? मी हळू आवाजात म्हटलं, "एका गळक्या घरात गेली. तिथे आजारी माणसं होती. तिने आधी झाडू घेतला. मग भांडी घासली."

"रोज?"

"रोज. मग चार मैत्रिणी आल्या. त्यांनाही तिने एकेक झाडू दिला."

पोरं रांगत रांगत जवळ सरकली. "कचरा वेगळा करायची का?" एकाने विचारलं.

"तो मी करते," मी म्हटलं, तशी शेजारच्या टेबलाखालून सिस्टर फिस्सकन हसल्या. सगळी गोष्ट आम्ही तिथेच बसून संपवली. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या ओढणीवरची धूळ झटकली. "पहिला अर्धा भाग फार मोठा आवाज," म्हणाल्या. "दुसरा अर्धा, शिक्षिका."

आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "स्टीलचा डबा परत कर आता."

एप्रिलपासून इंग्रजीचा वर्ग मला मिळाला. भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी तोक्योत शिक्षिका झाली.