थकव्याचा खर्च: शून्य

माझा आजार फार सभ्य आहे. ताप नाही, सूज नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. एक दिवस अंगमेहनतीचं काम केलं की पुढे तीन दिवस मी अंथरुणातून उठू शकत नाही, एवढंच. अलिबागच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, औषध दिलं नाही. आमच्या कोळीवाड्यात नाव आधीच ठरलेलं होतं: आळस. हे निदान सासूबाईंचं, आणि त्यांची फी नव्हती.

त्याच डॉक्टरांनी कळवलं की या आजारामुळे कोणत्या देशाचं किती नुकसान होतं, ते मोजणं चाललंय. तुमचं नाव देऊ का? मी लगेच हो म्हटलं. देशाची मला काही काळजी नव्हती. मला एक आकडा हवा होता, छापील, सासूबाईंना दाखवायला. चार वर्षं मी ढोंग करत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं असतं तरी पुरे होतं.

मुंबईहून बोटीने ती मोजणी करणारा एक तरुण मांडव्याला उतरला आणि रिक्षाने आमच्या ओट्यावर आला. प्रवासाने तो फार थकला होता, म्हणून सासूबाईंनी त्याला खुर्ची दिली, पंखा लावला, चहा दिला. थकलेल्या माणसाला कसं वागवायचं हे त्यांना ठाऊक होतं तर.

"ताई, पगार किती बुडाला?"

"पगार नव्हता. बोंबील धुवायचे, दोन-दोन एकमेकांच्या तोंडात अडकवून बांबूच्या वलांडीवर वाळत टांगायचे, संध्याकाळी काढायचे, बाजारात विकायचे."

"म्हणजे गृहिणी." त्याने टॅबवर बोट टेकवलं. "आता ते काम कोण करतं?"

"सासूबाई."

"त्यांना पैसे देता?"

हा प्रश्न घरात पहिल्यांदाच विचारला गेला. मी नाही म्हटलं. डॉक्टरांची फी आणि रिक्षाभाडं सोडलं तर माझ्या आजाराचा एकूण खर्च शून्य निघाला. दुसऱ्या देशांत म्हणे माझ्यासारखी माणसं लाखोंचं नुकसान करतात. मला तेवढंही जमलं नव्हतं.

सासूबाई वलांडीवरून ओले हात पुसत आल्या.

"काय लिवलंस रं पोरा?"

"कामाचं नुकसान शून्य, मावशी."

मला वाटलं, आता त्या खूश होणार. त्या खाली बसल्या.

"मंग मी चार वर्सं दोघींचं काम करते, त्याचं?"

"त्याचा पगार नाही ना. मग ते धरता येत नाही."

"बोट आली की मासलीचे वाटे पडतान. बोटीला वाटा हाय. जाल्याला वाटा हाय. जालं काय घाम गालतं?" त्यांनी त्याच्या टॅबकडे बोट दाखवलं. "लिव. सून आजारी हाय. तिचं काम मी करते. अर्धा वाटा लिव."

त्यांना स्वतःचं काम मोजून घ्यायचं तर माझं दुखणं खरं मानावं लागत होतं. हिशोबात आमच्या सासूबाई पहिल्यापासून पक्क्या. चार वर्षं मी ज्यासाठी तडफडले, ते त्या अर्ध्या वाट्यासाठी बोलून गेल्या, याचा मला आनंदही झाला आणि रागही आला.

तरुण म्हणाला की असा रकाना नाही. शेरा म्हणून लिहितो, असंही म्हणाला. त्याला परतीची बोट गाठायची होती.

संध्याकाळी त्या एकट्याच बोंबील काढत होत्या. मला लाज वाटली. मी पाटी घेऊन गेले. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"जा, पड. आज हात लावशील नि तीन दिस उठनार न्हाईस."

ते तीन दिवस मी त्यांना कधी सांगितले नव्हते. फॉर्मनेही विचारले नव्हते. त्या चार वर्षं ते दिवस मोजत होत्या, आणि तरीही मला आळशी म्हणत होत्या.