चिंचोक्यांचा डाव

बर्नार्ड मिस्किटाबद्दल गुणाजी घाडीला फार थोडं ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बर्नार्ड पत्ते खेळून पोट भरायचा, मरोळ गावठाणात राहायचा, आणि मनोरीला त्याचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं, ते त्यानं गुणाजीला विकलं. एवढ्याशा ओळखीवर माणसाबद्दल सांगायला बसू नये. पण त्या घराच्या ओटीवर एका दुपारी जे झालं ते जवळून पाहायला खेळणाऱ्या दोघांखेरीज गुणाजीच होता, आणि त्या दुपारचा थोडा दोष आपलाही, असं त्याला अजून वाटतं.

साल शहाऐंशी. गुणाजी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा. जेवणाच्या सुट्टीत तो गावठाणाच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात चहाला जायचा. बर्नार्ड तेव्हा नुकता उठून आलेला असायचा. केस ओले, शर्टाला कडक इस्त्री, समोर ब्रून मस्का. इतरांची दुपार ती त्याची सकाळ. तरुणपणी तो जहाजावर खानसामा होता, तिथं पोकर शिकला, आणि जहाज सुटलं तरी पोकर सुटला नाही. जुहूच्या बंगल्यांतून मोठमोठे शेट त्याला खेळायला बोलवायचे. तो खेळताना पीत नाही आणि हरला तरी कुणाकडे हात पसरत नाही, एवढं हॉटेलवाला सांगायचा. दोघांचं बोलणं व्हायचं ते उकाड्यावर आणि पावावर.

मनोरीचं घर विकायचंय हे गुणाजीला हॉटेलवाल्यानंच सांगितलं. देवगडचं घर भावांच्या वाटणीत गेल्यापासून गुणाजीच्या मनात समुद्र होता, आणि कांदिवलीच्या खोलीतून तो काही दिसत नव्हता. पण पत्तेवाल्याशी घासाघीस करायची या विचारानंच त्याला घाम फुटला. बर्नार्डनं विचारलं, "किती जमेल?" गुणाजीनं खरा होता तो आकडा सांगून टाकला. बर्नार्डनं त्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे."

"असा कोण ठीक म्हणता?" घरी रुक्मिणी म्हणाली. "ह्यो घर विकता कित्याक, ता इचारलात काय?"

"नाही विचारलं."

"तुम्ही कधी काय इचारलात?"

रविवारी गुणाजी बर्नार्डबरोबर घर पाहायला गेला. रुक्मिणीनं बरोबर यायला नकार दिला. आधी विचारून या, म्हणाली. मार्व्याहून होडीनं खाडी ओलांडली. वाळत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत ते पोचले, तेव्हा घराच्या ओटीवर एक काळासावळा, दणकट माणूस पाय सोडून बसला होता. हा जॉनी, शेजारचा मच्छीमार. भावाबरोबर त्याची एक बोट होती, निम्मी याची आणि निम्मी त्याची.

"आलास काय रं, बर्नार्ड? काढू डबा?" असं म्हणून त्यानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढलासुद्धा. आत चिंचोके होते. अंगणातल्याच चिंचेचे, हातांत घोळून घोळून गुळगुळीत झालेले. "पाव्हणं, ह्यो मुंबयच्या शेटलोकांना रडवतो. पण माज्यासमोर बसला का धोतर सोडून जातो."

"मी पँट घालतो रे," बर्नार्ड म्हणाला.

"तीच सोडतोस."

घर पाहून झालं. दोन खोल्या, मागं विहीर, विहिरीवर कुरकुरणारा रहाट. शेजारून जॉनीच्या बायकोनं, सेराफिनानं, माशाचं जेवण आणून वाढलं. बर्नार्ड इथं आला की तिच्याच हातचं जेवायचा. भांडी उचलताना तिनं डब्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून गेली. तिच्या कानांत काही नव्हतं, नुसती मोकळी भोकं. कोळीवाड्यातल्या बाईचे कान तसे पाहून गुणाजीला चमत्कारिक वाटलं.

मग ते दोघे खेळायला बसले. पत्ते गुणाजीला मेंढीकोटापुरते कळायचे, तरी तो बर्नार्डच्या मागं भिंतीला टेकून बसला होता आणि पत्ते त्याला दिसत होते. बर्नार्डच्या हातात तीन राण्या होत्या, म्हणजे हात भारी, एवढं त्यालाही कळलं. जॉनीनं मूठभर चिंचोके पुढं सारले. बर्नार्डनं गाल खाजवला, उसासा टाकला आणि तीन राण्या पालथ्या घालून म्हणाला, "घे बाबा. तुझंच आहे."

जॉनीनं दोन्ही हातांनी चिंचोके ओढले. हसला तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं ते गुणाजीनं क्वचितच कुणाच्या तोंडावर पाहिलं होतं.

परतीच्या होडीत गुणाजीला राहवलं नाही. "तुमच्याकडे तीन राण्या होत्या."

"पाहिल्यास."

"मग का टाकल्या?"

बर्नार्ड पाण्याकडे बघत हळूहळू बोलत गेला. पहिल्यांदा त्या घरात आला त्या पावसाळ्यात होड्या बंद होत्या, पुरुष नुसते बसून होते. वेळ जावा म्हणून त्यानं जॉनीला पोकर शिकवला. ज्याच्या बायकोच्या हातचं आपण जेवतो त्याला काय हरवायचं, म्हणून तो हरला. पुढच्या वेळीही हरला. आठ पावसाळे तो हरतच होता, आणि दर वेळी जॉनी थोडा ताठ बसायला लागला होता.

"चिंचोकेच होते, घाडी. मला वाटलं, चिंचोक्यांनी कुणाचं काय बिघडतं."

"मग?"

"मालाडला मासळीचे व्यापारी खेळायला बसतात. जॉनी त्यांना सांगून आला, मी बर्नार्ड मिस्किटाला हरवतो. ते म्हणाले, मग ये की. घड्याळ गेलं. सेराफिनाचं कानातलं गेलं. आता अगेरा झाला, नवी कणसं चर्चमध्ये वाहून झाली, की तो बोटीचा हिस्सा डावावर लावणार आहे. मला मोठ्या तोऱ्यात सांगत होता. म्हणतो, नशीब फिरलंय थोडं, हात माझा चांगलाच आहे."

गुणाजीला सेराफिनाच्या कानांतली मोकळी भोकं आठवली.

"म्हणून घर काढतोय. मी नसलो, डबा नसला, की विसरेल."

गुणाजी आयुष्यात कुणाला सल्ला देणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी ते तोंडातून निघून गेलं. "पण त्याला जे वाटतंय ते वाटतच राहणार ना? तुम्ही मुद्दाम हरत होता, हे त्याला कुठं ठाऊक आहे?"

बर्नार्डनं त्याच्याकडे पाहिलं. पत्ते खेळणाऱ्याचा चेहरा वाचता येत नाही म्हणतात, पण गुणाजीला तो वाचता आला. या माणसानं तोच विचार कितीदा केला होता आणि कितीदा मागं ढकलला होता, ते त्यावर दिसत होतं.

"तू कमी बोलतोस ते बरंय," बर्नार्ड म्हणाला.

कागद झाले. किल्ली द्यायला बर्नार्ड आला तो अगेऱ्याच्या आदल्या आठवड्यात. गुणाजी सामानाची पहिली ट्रंक घेऊन आला होता. जॉनी ओटीवर होताच.

"शेवटला डाव होऊ दे," तो म्हणाला. "जाता जाता तरी जिंकशील."

"होऊ दे," बर्नार्ड म्हणाला. बसताना त्यानं बाह्या दुमडल्या. मागच्या खेपेला त्यानं तसं केलं नव्हतं.

पुढचं सगळं फार शांतपणे झालं. चिंचोके अर्धे अर्धे वाटले. पहिले काही डाव जॉनी हसत हरला. "आज दिस तुजा हाय," म्हणाला. थोड्या वेळात त्याच्यासमोरची रास संपली. बर्नार्डनं आपली रास पुन्हा अर्धी करून दिली. तीही संपली. बर्नार्ड गाल खाजवत नव्हता, उसासे टाकत नव्हता. तो नुसता जॉनीकडे बघत होता.

तिसऱ्यांदा वाटून झाल्यावर जॉनीनं पत्ते उचलले आणि बर्नार्ड म्हणाला, "दोन मोठे सारखे आहेत तुझ्याकडे. एक्के नाहीतर राजे."

जॉनीचा हात थांबला.

"चांगले पत्ते आले की तू पायाची बोटं मुडपतोस. हूल द्यायची असली की मिशीला हात लावतोस. पहिल्या पावसाळ्यापासून, जॉनी. मालाडवाल्यांनाही एव्हाना कळलं असणार."

जॉनीनं आपल्या पायांकडे पाहिलं. ते उघडे, खाऱ्या पाण्यानं सोललेले पाय त्यानं हळूच मांडीखाली ओढून घेतले. गुणाजीला तिथून उठावंसं वाटलं, पण उठणंही बरं दिसलं नसतं.

"आनी तू इतकी वर्सं?"

"तुझ्या घरचं जेवत होतो."

"म्हंजे मला येतच न्हवतं."

बर्नार्डला ते कबूल करायला वेळ लागला. शेटलोकांसमोर एवढा वेळ त्यानं कधी घेतला नसेल. "नाही," तो म्हणाला. "नव्हतं येत."

विहिरीवर रहाटाचा आवाज थांबला होता. सेराफिना कळशी काठावर टेकून उभी होती. जॉनीनं पत्ते खाली ठेवले, पालथे, नीट एकावर एक. सांडलेले चिंचोके एकेक करून डब्यात भरले, झाकण लावलं, आणि डबा बर्नार्डच्या बाजूला सरकवला.

"तू मला पैल्याच दिशी हरवायला होवं," एवढं म्हणून तो गेला.

जॉनी मालाडला पुन्हा गेला नाही. बोट राहिली. सेराफिनाच्या कानांत पुढच्या सणाला बारीकशी का होईना, कुडी आली, आणि तिनं रुक्मिणीला मुद्दाम बोलावून दाखवली. रुक्मिणी म्हणाली, "चांगला झाला ना? मग तुम्ही असे कित्याक बसलात तोंड पाडून?"

गुणाजीला ते नीट सांगता आलं नाही. जॉनी नंतर कधी त्या ओटीवर बसला नाही. मासळी बायकोच्या हाती पाठवायचा. वाटेत भेटला तर बोलायचा, पण बोलताना त्याची नजर आपोआप स्वतःच्या पायांकडे जायची. काही दिवसांनी तो मनोरीच्या वाळूतसुद्धा बूट घालून फिरायला लागला. होडीत आपण तोंड उघडलं नसतं तर बोट गेली असती, हे गुणाजीला कळत होतं. तरी ते बूट पाहिले की त्याला मान खाली घालावीशी वाटायची.

बर्नार्ड मनोरीला परत आला नाही. मरोळच्या हॉटेलात तो भेटायचा, पण जॉनीचं नाव त्यानं कधी काढलं नाही आणि गुणाजीनंही काढलं नाही. दोन वर्षांनी तो वसईला बहिणीकडे गेला आणि तिथंच वारला. हे गुणाजीला हॉटेलवाल्याकडूनच कळलं, तेही उशिरा. डब्याचं त्यानं काय केलं, ते विचारायचं राहून गेलं.

शेवटचे भेटले तेव्हा बर्नार्ड ब्रून मस्का खात होता. चहा संपत आल्यावर त्यानं विचारलं, "रहाट कुरकुरतो अजून?"

"कुरकुरतो."

"शेजारी ऐकू जात असेल."

"जातं."

"खोबरेल घाल. गोडंतेल नको, मुंग्या लागतात."

"घालतो," गुणाजी म्हणाला.

"जा आता. भोंगा होईल तुझा."