पाटीलकाकांचं 'इनकन्व्हिनियन्स रिग्रेटेड'

सोसायटीच्या कमिटीत गेलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, पार्किंगमधल्या धुळीसारखे ते आपोआप साठतात. आमच्या चिखलोलीच्या बिल्डिंगमधले निम्मे तर सेक्रेटरी पाटीलकाकांचेच! काका अंबरनाथच्या एका कंपनीतून रिटायर झाले, ते एक इंग्रजी वाक्य सोबत घेऊनच: 'इनकन्व्हिनियन्स रिग्रेटेड.' प्रत्येक नोटिशीखाली ते असतंच. तोंडाने मात्र काकांनी कुणाला कधी सॉरी म्हटलेलं नाही. "लग्नापासून मलापण नाही," असं काकू सांगतात.

* * *

"लिफ्ट बंद. इनकन्व्हिनियन्स रिग्रेटेड."

भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या काकूंनी नोटीस वाचली, पर्समधून पेन काढलं आणि खाली लिहिलं, "चालू कधी होणार?"

* * *

मग काका त्या वाक्याचा पक्का बोर्डच करून घ्यायला उल्हासनगरला गेले. मी सोबत होतो. सिंधी दुकानदाराने विचारलं, "साईं, ऊपर क्या लिखूँ?"

"ऊपर खाली छोड़ो. वो रोज बदलता है!"

* * *

गणपतीत त्या बोर्डवर मजकूर आला, "आरतीनंतर लाडू मिळतील."

"काका, लाडवात कसली गैरसोय?"

"डायबेटिसवाले आहेत ना!"

* * *

एकदा सगळ्या एरियाची लाईट गेली. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर तेच वाक्य टाकलं. तळमजल्यावरच्या जोशीबाई इंग्रजीच्या रिटायर शिक्षिका. त्या भडकल्या. "लाईट तुम्ही घालवलीत का? ज्याने गैरसोय केली, त्यानेच हे लिहायचं असतं!"

"मग मला कधी लिहिताच येणार नाही," काका म्हणाले. "माझी चूक नसतेच!"

* * *

गेल्या महिन्यात काकूंच्या बहिणीकडे बदलापूरला बारसं होतं. तिथे सगळ्यांदेखत काका काकूंना म्हणाले, "तुला काय कळतंय? गप बस!"

काकू गप्प बसल्या, आणि बहिणीकडेच राहिल्या.

आठवडा गेला. काका दोन्ही वेळा वडापाव खात होते. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. "एक फोन करा, सॉरी म्हणा," मी म्हटलं.

"तोंडातून निघत नाही रे."

मग त्यांनी मोबाईल घेतला, बराच वेळ टाईप केलं आणि आधी जोशीबाईंना दाखवलं. "चारचौघांत तुला गप बसवलं. इनकन्व्हिनियन्स रिग्रेटेड."

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "आता बरोबर वापरलंत. पाठवा."

काकांनी पाठवलं. आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत बसलो. थोड्या वेळाने काकूंचं उत्तर आलं:

"नोटीस वाचली. न्यायला कधी येणार?"