समोरच्या गॅलरीतल्या आजी

पंचवटीत माझ्या खोलीसमोरच्या इमारतीच्या गॅलरीत एक आजी रोज सकाळी बसायच्या. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. पाय गजांतून बाहेर सोडलेले, मांडीवर तांदूळ निवडायचं सूप. मधेच "हुर्रर्र" करून त्या कबुतरं उडवायच्या. आमच्या पेठ तालुक्यात नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात चार लाकडांवर माळा बांधतात आणि त्यावर बसून पाखरं राखतात, तशाच त्या वाटायच्या. अर्धवट झोपेत मला समोर इमारत दिसायचीच नाही, हिरवं शेत दिसायचं.

कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं, की बाल्कनी हा शब्द इटलीतून आला आणि त्याच्या मुळाशी लाकडाची तुळई आहे. तुळई भिंतीबाहेर काढायची ती माणसाला थोडं घराबाहेर बसता यावं म्हणूनच असेल ना? मला नक्की माहीत नाही.

एका रविवारी त्यांचा मुलगा मिस्त्रीला घेऊन आला. गॅलरी बंद करून खोली वाढवायची होती.

"आई, ऊठ ना जरा. माप घ्यायचंय."

"मला धरूनच घे."

"अगं, आत पंखा लावून देतो तुला."

"पंख्याकडं काय बघू दिवसभर? हितं माणसं तरी दिसत्यात. तो समोरचा पोरगा पुस्तक धरून डुलक्या मारतो, तेबी दिसतं."

मी लाजून ताठ बसलो. मिस्त्री हसला. मुलाने आईशेजारी वाकून खाली गल्लीत पाहिलं. मग मिस्त्रीला म्हणाला, "कठडा तेवढा रंगवून द्या."